जुन्या जीपचं डिफरन्शियल खोलायच्या आधी मागची चेसी मोजा

२०२१ चा जुलै महिना आठवतोय का बघा. त्याच महिन्यात केंद्र सरकारनं ५० वर्षांच्या वरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम काढले आणि त्याच महिन्यात पंचगंगेचं पाणी २०१९ नंतर परत एकदा कोल्हापुरात शिरलं. नियमांमुळं गोठ्यात, परड्यात, ताडपत्रीखाली पडून असलेल्या जीपा, फियाट, अ‍ॅम्बेसेडर लोकांना परत आठवायला लागल्या, आणि पुरात उभ्या राहिलेल्या गाड्यांचे मागचे एक्सल पाणी पिऊन बसलेले. मग ज्याला त्याला एकच प्रश्न पडतोय. मागनं हुंकारल्यासारखा आवाज येतोय, एक मिस्त्री म्हणतोय डिफरन्शियलमधले मुख्य गिअर, म्हणजे क्राऊन-पिनियन, बदला, दुसरा म्हणतोय मागची चेसी सडलीय पट्टी मारू, आणि कट्ट्यावरचा तिसरा सांगतोय की चेसीला वेल्डिंग लावलं की पासिंगच होत नाही. ऐकायचं कुणाचं?

माझं मत आधीच सांगून टाकतो. आवाज डिफरन्शियलचा, म्हणजे मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरांच्या गोळ्याचा, असला तरी दुखणं बऱ्याच वेळा त्याला धरून ठेवणाऱ्या चेसीत असतंय, त्यामुळं आधी चेसी मोजायची, नीट करायची, आणि मगच डिफरन्शियलला हात लावायचा. उलटं केलं तर नवीन घातलेला महागाचा माल परत वाकड्या जागेवरच बसतोय आणि परत आवाज करायला लागतोय. असं का, ते आता पायापासनं बघू.

चेसी सगळ्याच गाड्यांना असते का?

चेसी म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. महिंद्राची जुनी सीजे-३बी जीप घ्या, म्हणजे मूळची अमेरिकेतल्या विलीजची. तिला पुढनं मागपर्यंत दोन लांब पोलादी गर्डर आहेत आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे, त्यांना क्रॉस मेंबर म्हणायचं. बॉडी वरनं बोल्टांनी बसवलेली, काढली तरी खाली इंजिन, चाकं, स्टेअरिंग सगळं चेसीवर तसंच राहतंय. शाही दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार येते, ती ज्या काळातली आहे त्या काळात मोठ्या गाड्यांचा सांगाडा असाच वेगळा असायचा.

अ‍ॅम्बेसेडर आणि फियाट पद्मिनीला मात्र अशी वेगळी चेसी नाही. तिथं पत्र्याची बॉडीच सांगाड्याचं काम करते आणि मागं डिकीच्या तळाखाली पत्र्याच्या बंद पेट्या वेल्ड केलेल्या असतात, त्यावर मागचे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, लटकतात. म्हणून अ‍ॅम्बेसेडरचा डिकीचा तळ सडला तर ते नुसतं डेंटिंगचं काम समजू नका, ते चेसीचंच काम आहे. स्टँडर्ड हेराल्ड यात वेगळी, तिला चेसी पण वेगळी आणि डिफरन्शियल थेट त्या चेसीला बोल्ट केलेलं, वर त्याच्याच डोक्यावर आडवा पाटा बसवलेला. तिथं चेसी सडली म्हणजे डिफरन्शियलची जागाच हलली.

पुढचं सगळं मी जीपवरच सांगतोय, कारण आपल्याकडं त्याच जास्त आहेत आणि त्यात सगळं उघडं दिसतंय.

डिफरन्शियल कशाला लागतं?

गाडी वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. जीपच्या डाव्या-उजव्या चाकांत साधारण सव्वा मीटर अंतर आहे, त्या हिशोबानं एका काटकोनी वळणात बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जवळपास १.९ मीटर जास्त चालतंय. वळण लहान असू दे नाहीतर मोठं, फरक तेवढाच राहतो, हे कागदावर मांडून बघा, मजा वाटेल. आता दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्यावर पक्की असती तर वळताना एक चाक घासत गेलं असतं, टायर गेले असते आणि शेवटी दांडा पिळला गेला असता.

बैलगाडी बांधावर वळताना बघितली असेल. आतला बैल जवळजवळ जागेवरच फिरतो, बाहेरचा लांबचा फेरा घेतो, आणि जू दांडीला मधोमध बांधलेलं असल्यामुळं ते थोडं तिरकं होतं पण दोन्ही बैलांची ओढ सारखीच राहते. डिफरन्शियलच्या आतले छोटे गिअर, ज्यांना मिस्त्री स्टार म्हणतात, ते नेमकं जुवाचं काम करतात. चाल वेगळी, ओढ सारखी. आणि म्हणूनच एका बैलानं अंग काढून घेतलं तर दुसऱ्यानं कितीही जोर लावला तरी जू नुसतं फिरणार, गाडी जागची हलणार नाही. पावसात शेताच्या वाटेवर जीपचं एक मागचं चाक चिखलात गरागरा फिरतंय आणि दुसरं कोरड्यावर असून ढिम्म उभं आहे, हे तेच. गाडीत बिघाड नाही, डिफरन्शियल आपलं काम करतंय. ही कल्पना पण काही नवीन नाही, १८२० च्या दशकात फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकर या माणसानं वाफेच्या गाडीसाठी तिचं पेटंट घेतलेलं.

डिफरन्शियलचं दुसरं काम म्हणजे इंजिनची ताकद नव्वद अंशात वळवायची आणि फेरे कमी करायचे. इंजिनकडनं लांब प्रोपेलर शाफ्ट येतो, त्याच्या टोकाला छोटा गिअर म्हणजे पिनियन, तो मोठ्या चकतीला फिरवतो, ती क्राऊन. सीजे-३बीच्या मागच्या एक्सलमध्ये क्राऊनला ४३ दात आणि पिनियनला ८, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे सुमारे ५.३८ फेरे. ४३ आणि ८ ला एक सोडून कुठलाच समान भाजक नाही हे मुद्दाम ठेवलंय, त्यामुळं पिनियनचा प्रत्येक दात फिरत फिरत क्राऊनच्या प्रत्येक दाताला भेटतो आणि झीज सगळीकडं सारखी होते.

मग चेसीचा आणि त्याचा संबंध काय?

मागचं एक्सल म्हणजे मधला गोल गोळा आणि दोन्ही बाजूच्या नळ्या, याला हौसिंग म्हणतात. हे हौसिंग चेसीला थेट जोडलेलं नाही. ते यू-बोल्टनी पाट्यांना बांधलेलं, पाटे पुढनं-मागनं हँगर म्हणजे ब्रॅकेट आणि शॅकल म्हणजे हलत्या कडीला, आणि हँगर रिव्हेटनं चेसीला. म्हणजे एक्सल सरळ आहे का वाकडं हे शेवटी चेसीवरची ती चार ठिकाणं ठरवतात. त्यातलं एक सडून, चिरून १० मिलिमीटर सरकलं आणि चाकापाशी तेवढाच फरक उतरला तर एक्सल जवळपास अर्धा अंश तिरकं होतंय. ऐकायला काहीच नाही, पण गाडी रस्त्यावर थोडी तिरकी पळायला लागते, स्टेअरिंग सरळ धरलं तरी ओढतंय असं वाटतं, टायर एका अंगानं जातात.

आणि याहून जास्त नुकसान करणारी गोष्ट म्हणजे पिनियनचा कोन. प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे कोनात पण फिरणारा सांधा असतो. क्रॉसचा स्वभाव असा की तो कोनात फिरताना एका फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त करतो, आणि दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल तर दोघांचं उणं-अधिक फिटून जातं. चेसीचा मागचा भाग खाली बसला, पाट्याचा मधला बोल्ट तुटला, यू-बोल्ट ढिले झाले की पिनियनचं तोंड वर किंवा खाली होतं आणि दोन्ही कोन सारखे राहत नाहीत. ताशी ६० ला हा शाफ्ट मिनिटाला साधारण २४०० फेरे फिरत असतो, त्यामुळं तो धक्का सतत पिनियनच्या बेरिंगला बसत राहतो. बेरिंग ढिलं झालं, ऑइल सील गेलं, ऑइल गळालं, दात कोरडे पडले, आणि मग हुंकार. मिस्त्रीनं क्राऊन-पिनियन बदललं, बिल झालं, आवाज गेला, आणि काही महिन्यांत परत तेच, कारण वाकडेपणा होता तिथंच राहिला.

मोजायचं कसं, मशिन लागतं का?

नाही लागत. सपाट कोबा, ओळंबा, खडू, लाइनदोरी आणि पोलादी टेप एवढ्यात खात्रीचं माप निघतं. गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, पातळीत उभी करायची, चेसीवर डाव्या-उजव्या सारख्याच जागा निवडायच्या, म्हणजे हँगरच्या बोल्टचं भोक किंवा मूळ रिव्हेट, आणि तिथनं ओळंबा सोडून खाली कोब्यावर खडूनं फुली मारायची. गाडी बाजूला ढकलली की जमिनीवर चेसीचा नकाशा तयार. मग कर्ण मोजायचे, डाव्या पुढच्यापासनं उजव्या मागच्यापर्यंत आणि उलट. दोन्हीत तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर थांबून विचार करायचा. मग पुढच्या चाकाच्या मध्यापासनं मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी घ्यायचं, सीजे-३बीला ते २०३२ मिलिमीटर पाहिजे, आणि दोन्हीकडं सारखं पाहिजे हे जास्त महत्त्वाचं.

इथं एक गोष्ट जीव वाचवणारी आहे म्हणून नीट वाचा. या जुन्या जीपांचा हँडब्रेक चाकांवर नसतो, तो मागच्या प्रोपेलर शाफ्टवर असतो. एक मागचं चाक जॅकनं उचललं की डिफरन्शियल आपला धर्म पाळतं, उचललेलं चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं चाक मोकळं होतं, म्हणजे हँडब्रेक ओढलेला असून गाडी गडगडत निघून जाते. चाकांना ओट म्हणजे अडवायला दगड-ठोकळा लावल्याशिवाय जॅक लावायचाच नाही, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं तर अजिबात नाही.

चेसी सडते कुठं?

कोल्हापूर शहराचा पाऊस एक आणि गगनबावडा, राधानगरीकडचा पाऊस एक. तिकडं फिरलेली जीप असेल तर मागचा शेवटचा क्रॉस मेंबर आधी बघा. चाकांनी उडवलेला चिखल तिथं जाऊन बसतो आणि वाळतच नाही. दोन पत्रे एकमेकांवर रिव्हेट केलेत तिथं मधे पाणी धरतं, गंज फुगतो, आणि गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागत असल्यामुळं तो रिव्हेट ताणून दोन्ही पत्रे फाकवतो. वरनं रंग चांगला दिसतोय आणि आत काहीच उरलेलं नाही असं हमखास होतं. छोट्या हातोडीनं ठोकत जा, चांगलं लोखंड खणखणतं, सडलेलं बद्द वाजतं.

चिरा वेगळ्या. त्या गंजानं नाही तर ताणानं पडतात, हँगरच्या टोकाला, रिव्हेटच्या भोकापाशी, आणि ज्यांनी मागं ट्रेलर ओढलाय त्यांच्या हुकाच्या आजूबाजूला. तारेच्या ब्रशनं घासून, रॉकेल किंवा डिझेल पुसून, वर खडू लावा, चिरेतनं तेल परत पाझरतं आणि खडूवर रेघ उमटते.

वेल्डिंगनं चेसी कमजोर होते म्हणतात ते?

अर्धं खरं आहे. चुकीचं वेल्डिंग कमजोर करतं. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांच्या चेसीचं पोलाद उष्णतेनं कडक केलेलं असतं, ते तापवलं की तिथला गुण जातो. पण त्या काळातल्या जीपचं पोलाद साधं, कमी कार्बनचं, ते वेल्डिंग चांगलं घेतं.

काम बिघडतं ते पद्धतीत. चिर दिसली की वरनं वेल्डिंग ओढून मोकळं व्हायचं ही सगळ्यात वाईट सवय. आधी चिरेच्या टोकाला तीन ते पाच मिलिमीटरचं भोक पाडायचं म्हणजे ती पुढं पळत नाही, मग ग्राइंडरनं चिर व्ही आकारात उघडायची, आतपर्यंत भरायची आणि घासून सपाट करायची. वर पट्टी लावायची असेल तर तिची टोकं सरळ उभी कापायची नाहीत, तिरकी कापायची, कारण गर्डरला आडवी सरळ वेल्डिंगची रेघ आली की सगळा ताण त्या एका रेघेवर येतो आणि पुढची चिर बरोबर पट्टीच्या कडेला पडते. गर्डरच्या वरच्या-खालच्या कडेवर तर वेल्डिंगचा ठिपका पण नको, सगळ्यात जास्त ताण तिथंच असतो. रॉड वापरणार असाल तर लो-हायड्रोजनचा ७०१८, आणि तो कोरडा करून, पावसाळ्यात उघड्या पुड्यातला ओलसर रॉड वापरला तर वेल्डच्या आत भेगा राहतात ज्या डोळ्याला दिसत नाहीत.

मागचा क्रॉस मेंबर पूर्ण बदलायचा असेल तर जुना कापायच्या आधी दोन्ही गर्डरच्या मधे तात्पुरता अँगल टाकून अंतर धरून ठेवा. हे केलं नाही तर गर्डर थोडे फाकतात किंवा आत येतात आणि नवीन तुकडा तुम्ही वाकड्या मापात कायमचा पक्का करून ठेवता. रिव्हेट गरम करून मारणारे कारागीर आता मिळणं अवघड, त्याजागी ८.८ ग्रेडचे बोल्ट चालतात, पण भोक रीमरनं साफ करून बोल्ट घट्ट बसला पाहिजे, सैल भोकात बोल्ट कितीही आवळला तरी तो सरकतोच. आपलं नशीब असं की शिवाजी उद्यमनगरात लेथ, मिलिंग, ड्रिलिंग सगळं हाकेच्या अंतरावर आहे, शॅकलची पिन नाहीतर बुश मापानं करून घेणं कोल्हापुरात जेवढं सोपं तेवढं फार कमी गावांत असेल.

बॅटरीची वायर काढणं आणि पेट्रोलची टाकी उतरवणं हे सांगायची गरज नसावी, तरी सांगतो. अ‍ॅम्बेसेडरची टाकी मागंच डिकीखाली आहे, नेमकी वेल्डिंगच्या जागेजवळ. आणि काम झालं की चेसीतली पाणी जायची भोकं रंगानं, पुट्टीनं बुजवू नका.

पासिंगचं काय मग?

इथं गोंधळ व्हायचं कारण आहे. २०२१ च्या नियमात व्हिंटेज गाडी म्हणजे पहिल्या नोंदणीपासनं ५० वर्षं झालेली, बिगर-व्यावसायिक, मूळ रूपात ठेवलेली, आणि जिच्या चेसीत, बॉडी शेलमध्ये किंवा इंजिनात मोठे बदल झालेले नाहीत अशी. लोक यातला चेसी शब्द वाचतात आणि घाबरतात. पण बदल आणि दुरुस्ती वेगळी. सडलेल्या क्रॉस मेंबरच्या जागी त्याच मापाचा, त्याच आकाराचा तुकडा मूळ जागेवर बसवणं ही दुरुस्ती. चेसी कापून लांब करणं, दुसऱ्या गाडीचं मागचं अर्धं आणून जोडणं, पाटे काढून कॉइल स्प्रिंगचे ब्रॅकेट मारणं हा बदल, आणि त्याला गाडीतल्या फेरफारांवर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ पण आडवं येतं, मग गाडी व्हिंटेज असो नसो. निर्णय शेवटी तपासणारे अधिकारी घेणार, म्हणून कामाच्या आधीचे, चालू असतानाचे आणि नंतरचे फोटो, मापं, बिलं जपून ठेवा. आणि चेसी नंबरवर ग्राइंडर, पुट्टी, वेल्डिंग यातलं काहीही जाता कामा नये. नंबर पुसट झालाय म्हणून स्वतः परत ठोकणं हा तर सरळ गुन्ह्याचा संशय ओढवून घेणं आहे.

नवीन व्हिंटेज नोंदणीची फी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, नंतर नूतनीकरण ५,०००. पण अशी गाडी रोजच्या वापराला नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. ज्यांना जीप शेतावर, गावाला न्यायचीय त्यांनी नेहमीचं पासिंगच चालू ठेवलेलं बरं, १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून ते होतं. दिल्लीतल्या जुन्या गाड्यांवरच्या वयाच्या बंदीची बातमी वाचून इथं कुणी गाडी भंगारात देऊ नये.

आता डिफरन्शियल, आवाजावरनं काय कळतं?

चेसी सरळ झाली, पाटे-बुश-यू-बोल्ट झाले, क्रॉस बघितले. आता गाडी चालवून कान द्या. निम्म्या वेळा आवाज इथंच कमी झालेला असतो. उरला असेल तर तो कधी येतो ते बघायचं. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर हुंकार आणि सोडल्यावर शांत, किंवा उलट, तर दातांची बैठक बिघडलीय. दोन्हीकडं सारखी घरघर असेल तर बेरिंगकडं संशय. फक्त वळताना कटकट होत असेल तर स्टार गिअर, कारण सरळ रस्त्यावर ते स्वतःभोवती फिरतच नाहीत. पहिला गिअर टाकून क्लच सोडताना ठण्ण होत असेल तर कुठंतरी मोकळीक जास्त झालीय, क्रॉस, स्प्लाइन, स्टारच्या मागचे वॉशर, सगळं हातानं हलवून बघायचं. मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकी डावी-उजवी झुलवल्यावर आवाज बदलला तर चाकाचं बेरिंग.

ऑइल काढल्यावर चुंबकाला राखाडी चिकट लेप लागला तर घाबरू नका, ती नेहमीची झीज. चमकणारे कण, पापुद्रे किंवा दाताचा तुकडा निघाला तर खोलायलाच पाहिजे.

खोलल्यावरचं खरं काम

क्राऊन आणि पिनियन ही जोडी कारखान्यात एकमेकांवर फिरवून घासलेली असते, दोघांवर जुळणारा नंबर कोरलेला असतो. एक चांगला आहे म्हणून दुसरा बदलायचा हा हिशोब इथं चालत नाही, बदलायचे तर दोन्ही. आणि जोडी नवीन असो वा जुनीच परत बसवायची असो, नवीन बेरिंग टाकलं की सगळी मापं परत लावावी लागतात, कारण बेरिंगच्या जाडीत थोडासा फरक आला तरी दात वेगळ्या जागी बसतात.

मापं मुख्यतः तीन, आणि ती पातळ पत्र्याच्या चकत्यांनी, म्हणजे शिमनी लावायची. पहिलं, पिनियन किती आत आहे. दुसरं, बेरिंगवर आधीचा दाब किती आहे, तो पिनियनला दोरी गुंडाळून स्प्रिंग काट्यानं ओढून मोजतात. तिसरं, दोन दातांमधली मोकळीक, ती डायल गेजवर साधारण ०.१३ ते ०.२० मिलिमीटर, आणि क्राऊनवर चार-पाच ठिकाणी घ्यायची, एकाच ठिकाणी नाही. क्राऊन स्वतः डगमगत फिरत असेल तर त्याची मर्यादा ०.१५ मिलिमीटरच्या आसपास. हाताला थोडं हलतंय, बास झालं, असं म्हणणारा मिस्त्री कितीही जुना असला तरी त्याला हे काम देऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन. आणि जीपच्या या एक्सलमध्ये बेरिंग इतकी घट्ट बसतात की हौसिंग किंचित फाकवावं लागतं, ते अर्ध्या मिलिमीटरच्या वर फाकवलं तर ते परत मूळ मापाला येत नाही. पहारीनं उचकटून काढलेली कितीतरी हौसिंग अशी वाया गेलीत.

सगळ्यात शेवटी रंगाची परीक्षा. क्राऊनच्या काही दातांना मार्किंगचा रंग पातळ लावायचा, चाक थोडं अडवून धरून फिरवायचं आणि ठसा कुठं उमटतो ते बघायचं. ठसा दाताच्या उंचीत मधोमध पाहिजे. तो दाताच्या मुळाशी गेला तर पिनियन जास्त आत आलाय, शिम कमी करायची. दाताच्या माथ्यावर गेला तर पिनियन लांब आहे, शिम वाढवायची. शिम बदलली की मोकळीक परत बदलते, ती परत लावायची, परत रंग, परत ठसा. दिवस जातो यात. पण माझ्या मते अख्ख्या कामाची मजुरी याच दिवसाची आहे, आणि मिस्त्रीनं ठशाचा फोटो दाखवला तर पैसे देताना हात आखडू नये.

दुसऱ्या जीपचं अख्खं एक्सल आणून टाकलं तर?

सोपं वाटतं, आणि दोन चाकी ओढीच्या गाडीत ते जमूही शकतं, पण फोर व्हील जीप असेल तर पुढच्या-मागच्या एक्सलचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे, तो एकच पाहिजे. साल आणि इंजिन बदललं की रेशो बदलतो, आणि वेगळे रेशो असताना कोरड्या रस्त्यावर फोर व्हील टाकलं की दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडतात, सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढं-मागं ताकद वाटणाऱ्या पेटीवर, नाहीतर शाफ्टवर येतो. आणायच्या आधी भंगारवाल्याच्या दारातच मोजून घ्या: एक चाक अडवून दुसरं दोन पूर्ण फेरे फिरवायचं आणि पिनियन किती फिरतो ते मोजायचं. पाच फेरे पूर्ण होऊन वर साधारण तिसरा हिस्सा आला की ५.३८.

पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी

हौसिंगला वर एक छोटा श्वासमार्ग असतो, ब्रीदर. गाडी तापली की आतली हवा फुगून तिथनं जाते, गार झाली की परत आत येते. एक्सल पाण्यात असेल तर हवेच्या जागी पाणी आत ओढलं जातं, सीलमधनंही येतं. ऑइल पांढरट, फेसाळ झालं असेल तर गाडी एक किलोमीटर पण चालवू नका. ऑइल काढा, डिझेलनं धुवा, झाकण उघडून बेरिंग बघा. महिनाभर तसंच उभं राहिलं असेल तर बेरिंगच्या रोलरवर गंजाचे खड्डे पडलेले असतात, ते धुवून जात नाहीत, बदलावंच लागतं. आणि पूर न येताही ब्रीदर चिखलानं बुजला की दाब सीलवर येतो, ऑइल नळीतनं ब्रेक ड्रममध्ये उतरतं आणि मागचे ब्रेक जातात. सील बदलून थकलेल्यांनी आधी ब्रीदर साफ करून बघावा.

साधं ९० नंबर ऑइल चालतंय की?

या एक्सलमध्ये पिनियन क्राऊनच्या मध्यापेक्षा थोडा खाली बसवलेला असतो, याला हायपॉइड म्हणतात. त्यामुळं दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, दाबाखाली घासत सरकतात, आणि तिथं साध्या ऑइलचा थर फाटतो. म्हणून हायपॉइडसाठीचं जीएल-५ दर्जाचं ईपी ९०च पाहिजे. पण तेच ऑइल जुन्या गिअर बॉक्समध्ये ओतायचं नाही, तिथं पितळेचे भाग असतात आणि त्यांना ते सोसत नाही, त्याला जीएल-४. आवाज दाबायला ऑइलमध्ये लाकडाचा भुसा घालून गाडी विकतात ही गोष्ट ऐकीव नाही, खरंच करतात, म्हणून जुनी जीप घेताना भरायचं बूच काढून बोट घालून बघायचंच.

जोडून झाल्यावर

नवीन क्राऊन-पिनियन असेल तर पहिल्याच दिवशी आंबोली घाट चढायला न्यायची नाही. वीसेक किलोमीटर हळू चालवायची, हात लावून हौसिंग बघायचं, गरम होणार पण हात अजिबात टेकवत नसेल तर बेरिंग जास्त आवळलंय. पूर्ण गार होऊ द्यायची, मग परत वीस किलोमीटर. असं दोन-तीन वेळा झालं की दात एकमेकांना ओळखतात. पाचशे किलोमीटरला पहिलं ऑइल काढून टाका, कितीही स्वच्छ दिसलं तरी, आणि त्याच दिवशी गाडी जमिनीवर तिच्या वजनानं उभी असताना चारही यू-बोल्ट टॉर्क पान्यानं परत आवळा, कारण नवीन पाटे तोपर्यंत बसलेले असतात.